पत्र्याचं घर आणि भरणीचं पान

आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. मांडवगण फराट्याहून नदीकडं निघालं की उसांमधून एक कच्चा रस्ता जातो, त्याच्या शेवटाला. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. घराला आता तीन बाजूंनी आणि वरून चकचकीत पत्रा आहे आणि मावळतीच्या बाजूला मातकट रंग. येणारा-जाणारा विचारतो, एकच बाजू अशी का. माझा मुलगा सांगतो, पत्रा कमी पडला. पत्रा कमी पडला नव्हता. काय झालं ते मी लिहून ठेवते. चौथीपर्यंतच शिकले आहे, पण जे घडलं ते सांगायला तेवढं पुरतं.

घर मालकांनी बांधलेलं. मालक म्हणजे माझे यजमान. वाटण्या झाल्या तेव्हा ओढ्याकाठचं जुनं कौलारू घर धाकट्या दिराकडं गेलं आणि आम्ही वरच्या तुकड्यात आलो. ओढ्यातले दगड, पांढरी माती आणि बाभळीच्या तुळया, एवढ्यात घर उभं राहिलं. दगड मालकांनी रचले, चिखल मी तुडवला. वर मातीचं धाबं होतं. ते गळायला लागलं तेव्हा सिमेंटचे पत्रे घातले. भिंती मात्र त्याच राहिल्या.

मातीची भिंत म्हणजे बाळंतीण. दरसाल तिचं सगळं करावं लागतं. पाऊस आमच्याकडं मावळतीकडून झोडपतो, त्यामुळं ती बाजू दरसाल उघडी पडायची. नवरात्राच्या आधी मी शेण, माती आणि भुसा कालवून तिला लिंपायची. पुढं गुडघे गेले. सून घरातलं सगळं करते, पण शेणात हात घालत नाही. तिला वास सोसत नाही म्हणते. मलाही सोसत नव्हता, पण मला कोणी विचारलं नव्हतं. तिला विचारणारा नवरा आहे, तर बरंच आहे.

मुलगा सणसवाडीला कामाला असतो. कारखान्यांची जी मोठी शेडं असतात, त्यांना बाहेरून पत्रा बसवायचं काम. त्याला दुसरं फारसं काही येत नाही, पण ते चांगलं येतं. तो मालकांच्या मागं लागला होता की आपल्या घरालाही बाहेरून पत्रा लावू, भिंत आत तशीच राहील, पाऊस लागणार नाही, उन्हाचा ताव लागणार नाही. मालक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मी हाय तवर माझ्या भितीला कुणी हात लावायचा न्हाई." लोकांना वाटतं त्यांचा त्या भिंतीवर जीव होता. तसं काही नाही. ते गॅसलाही पहिल्यांदा नाहीच म्हणाले होते, विहिरीवरच्या मोटरलाही. नाही म्हणणं ही त्यांची सुरुवात असायची. यावेळी हो म्हणायच्या आत ते गेले, एवढंच.

कार्तिकात गेले. ऊस तोडणीला आला होता. आधी ताप आला, मग छाती भरली. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. भावकीतले लोक म्हणाले, समाधानानं गेला माणूस. मुलगा तेव्हा रडला नाही, पण लोक निघाले तरी तो पिंडाकडं बघत होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला मावळतीची भिंत फुगली. उंदरांनी ती आतून पोकळ केली होती. एके दिवशी दुपारी तिच्यातून धामण निघाली आणि चुलीमागं जाऊन बसली. गावातला गवंडी म्हणाला, सगळं पाडा आणि नव्यानं घ्या. मुलगा म्हणाला, पाडायचं नाही. भिंतीला हात लावणार नाही, फक्त वरून झाकतो. तेवढा शब्द त्यानं राखला, असं त्याला वाटत होतं. मी हो म्हणाले. भिंत पडली असती तर तिच्याखाली मीच सापडले असते.

मग सुट्टीच्या दिवशी तो ते काम करायचा. फुगलेले दगड तेवढे काढून परत बसवले, त्याला तो हात लावणं म्हणत नव्हता. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा भिंतीला आवळला, वरचे सिमेंटचे पत्रे उतरवले आणि नवा पत्रा वर चढवला, मग चारी अंगांना. पत्रा स्टीलचा, जेवणाच्या ताटासारखा. त्याच्यावर निळं प्लास्टिक चिकटवलेलं होतं, ओरखडे पडू नयेत म्हणून. त्यामुळं काम चालू होतं तोवर घर निळं दिसायचं आणि कोणाला काही खटकलं नाही. दीर त्या दिवशी संध्याकाळी यायचे, खाली बसून तंबाखू मळायचे आणि पुतण्याला स्क्रू हातात द्यायचे. मुलाला म्हणायचे, "तुझा बाप असता तर एकेक स्क्रू मोजून बघितला असता."

अक्षय्य तृतीया झाली आणि त्यानं निळं प्लास्टिक ओढून काढलं. वस्तीवरच्या बाया बघायला आल्या होत्या. प्लास्टिक निघालं तशी प्रत्येकीनं डोळ्यावर पदर घेतला. मग एकेक जण जवळ जाऊन त्यात आपलं तोंड बघायला लागली. मीही बघितलं. पत्रा नीट सपाट नसतो, त्यात माणूस लांबुळका दिसतो. घरावर आभाळ आलं होतं, उसाचा फड आला होता, रस्त्यानं जाणारा ट्रॅक्टर आमच्या भिंतीवरून गेला.

खोटं कशाला बोलू, घर आतून गार झालं. त्या उन्हाळ्यात पंखा लावूनही जो जीव घाबरायचा तो घाबरला नाही. दुसरी गोष्ट कुरडयांची. दरवर्षी मी अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालायची आणि हातात काठी घेऊन दिवसभर राखत बसायची. कावळे माझं लक्ष चुकायची वाट बघत छपरावर बसलेले असायचे. त्या वर्षी एक कावळा फिरकला नाही. मी आत जाऊन झोपले तरी कुरडया जागच्या जागी. मी सुनेला म्हणाले, हा पत्रा एवढ्या एका कामाला तरी उपयोगी आला. मुलाला ते कळलं तेव्हा तो खूश झाला. माझ्या तोंडून चांगलं निघालं याचंच त्याला जास्त वाटलं असेल.

दिराचं घर आमच्यापासून मावळतीला, उतारावर, ओढ्याच्या अंगाला आहे. दिवस कलला की सूर्य आमच्या भिंतीवर येतो आणि तिथून उजेड सरळ त्यांच्या ओट्यावर जातो. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. संध्याकाळी ओट्यावर बसून रस्ता बघणं एवढाच त्यांचा उद्योग राहिला होता. बायको आधीच गेलेली, लेकी सासरी. आठवडाभर त्यांनी सोसलं. मग एका रविवारी आले, बसले नाहीत, उभ्यानंच म्हणाले की बाबा, ती एक बाजू काहीतरी कर, डोळ्यात सळई घातल्यागत होतंय.

मुलगा तेव्हा शिडीवर राहिलेले स्क्रू आवळत होता. उन्हानं तापलेला. तो वरून म्हणाला, "आप्पा, मग एक गॉगल घ्या की."

त्यानं ते हसून म्हटलं होतं. खाली दोघंतिघं उभे होते, तेही हसले. दीर हसले नाहीत. टोपी नीट केली आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्याला बारदानाचा पडदा लागला. त्यानंतर ते आमच्याकडं आले नाहीत. मी मुलाला म्हणाले, जाऊन ये. तो म्हणाला, जातो. कामाची पाळी, पाऊस, पेरणी, जाणं काही झालं नाही. माणूस जायचं टाळतो तेव्हा त्याला कामं बरी सापडतात.

श्रावणात बाजरी निसवली. मुलानं सुट्टी घेऊन कणसांवर चमकपट्टी ताणली. ही पट्टी एका बाजूनं लाल आणि दुसऱ्या बाजूनं चंदेरी असते. वाऱ्यानं फरफरते, उन्हात लखलखते आणि पाखरू खाली उतरत नाही. आमच्याकडं सगळेच बांधतात.

मग भाद्रपद आला. आमच्या भावकीत माणूस गेल्यावर त्याचं पहिलं पितर पितृपक्षात भरणी नक्षत्राला घालतात. त्या दिवशी भावकी जेवायला असते, पण आधी पान छपरावर ठेवायचं, कावळ्यानं घास घ्यायचा आणि मग बाकीच्यांनी बसायचं. तोवर घरात कोणी पाणीसुद्धा पीत नाही. सख्ख्या भावाला पितर म्हणून पहिल्या पाटावर बसवतात. त्याला बोलवायला घरातल्या माणसानं स्वतः जायचं असतं. मुलानं भावकीतल्या थोरल्या आजोबांच्या हातून निरोप धाडला. मला हे त्या दिवशी सकाळी कळलं. तेव्हा मी वडे तळत होते.

खीर, वडे, भजी, कढी, गवार, भोपळा, अळूची वडी असं सगळं केलं. मालकांना गवार आवडत नव्हती, पण पानात लागते. चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-भाताची आगारी टाकली. मुलगा शिडी लावून वर चढला आणि केळीचं पान छपराच्या कडेला ठेवून आला. दीर आले नव्हते. पहिला पाट रिकामा ठेवून सगळे बाहेर मांडवात उभे राहिले आणि पुरुष कावळ्याला हाका मारायला लागले.

कावळे होते. ओढ्याकाठच्या चिंचेवर चांगला घोळका बसला होता. हाका ऐकून दोनतीन उठले, आमच्या घरावर आले, हवेतच वळले आणि परत चिंचेवर गेले. असं पुन्हा पुन्हा झालं. एक अगदी खाली आला होता. पत्र्यात त्याला दुसरा कावळा दिसला असेल, कोण जाणे, तो ओरडत गेला.

पान उन्हात सुकायला लागलं. बारकी पोरं भुकेनं कुरकुरायला लागली. थोरले आजोबा म्हणाले, "इच्छा ऱ्हायली असंल कायतरी. बोला ज्याला काय बोलायचंय ते."

आमच्यात अशी रीत आहे. मेलेल्याच्या मनात जे राहिलं असेल ते आपण बोलून दाखवायचं, शब्द द्यायचा, की मग कावळा येतो. मुलानं हात जोडले. म्हणाला, आबा, आईला काही कमी पडू देणार नाही. कावळा आला नाही. म्हणाला, विहिरीचा गाळ काढतो, तुमचा बैलाचा गोठा मोडणार नाही. कोणी मागून सुचवत होतं, तसं तसं तो बोलत होता. तुमच्या नातीला शिकवीन म्हणाला. काही झालं नाही. मग मागं कुजबुज सुरू झाली. मला नीट ऐकू येतं. एक जण म्हणाला, भितीला हात लावू नको म्हणून सांगितलं व्हतं बापानं.

मुलानंही ते ऐकलं. तो घराकडं तोंड करून उभा होता. पत्र्यात तो लांबुळका दिसत होता आणि त्याच्या मागं आम्ही सगळे.  उन्हाळ्यापासून त्याच्या मनात हे होतं हे मला माहीत होतं, पण ते किती होतं ते तेव्हा दिसलं. बापाच्या मरणानंतर त्यानं पहिली जी गोष्ट केली, ती बापाच्या शब्दाबाहेर जाऊन केली होती. आता सगळ्या भावकीपुढं बाप त्याच्या हातचं जेवत नव्हता.

तो म्हणाला, "आबा, चुकलं माझं. समदा पत्रा काढतो. उद्याच काढतो."

माझं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं. बोटांवर पत्र्यानं कापल्याचे वण होते. सगळी सुट्टी, सगळा उन्हाळा त्या भिंतींवर गेला होता. आणि पत्रा काढला की पुढच्या पावसात भिंत पडणार, हे त्यालाही माहीत होतं. मी वर बघितलं, मग चिंचेकडं बघितलं, मग मधल्या बाजरीकडं. बाजरी अजून उभी होती आणि तिच्यावर पट्टी लखलखत होती.

मी म्हणाले, "काय काढत न्हाईस. बाजरीत पट्टी कुणी बांधली?"

तो म्हणाला, "मी."

"कशापायी बांधली, सांग समद्यांना."

"पाखरं बसू नयेत म्हणून."

"मग घराला काय बांधलंय?"

मागं कोणीतरी बाई फिसकन हसली आणि लगेच गप झाली. थोरले आजोबा मला म्हणाले, "बाई, कावळा आन् चिमणी येक हाय व्हय? त्यो पितरांचा हाय."

"असंना," मी म्हणाले. "डोळं त्याचंच हायत न्हवं?"

मुलाला मी पान खाली काढायला लावलं. कोणी काही म्हणायच्या आत ताटात घेतलं आणि निघाले. आजोबा म्हणाले, बाईमाणसानं पितराचं पान नेऊ नये. मी म्हणाले, मग तुम्ही न्या. ते जागचे हलले नाहीत. दिराकडं निरोप घेऊन तेच गेले होते, आणि काय उत्तर मिळालं ते त्यांनी आम्हाला सांगितलेलं नव्हतं.

बांधावरून उतरताना गुडघे दुखत होते. ताट वाकडं होऊन खीर भातात गेली. मुलगा पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या मागं होता. त्याला बोलावलं नव्हतं, तो आला. आमच्या मागं, बरंच अंतर ठेवून, बाकीची भावकी निघाली. जेवण कुठं होणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

दीर ओट्यावर बारदानाच्या आड बसले होते. आम्ही येताना त्यांनी बघितलं असणारच, तरी आतून म्हणाले, "कोण हाय?"

"मी हाय, भावजी."

"मागं कोण हाय?"

"पुतण्या हाय तुमचा."

"गॉगल आणलाय का त्यानं?"

 मी म्हणाले, "न्हाई आणला. भावाचं पान आणलंय तुमच्या. कौलावर ठिवायचं हाय."

"तुमच्या घराला छप्पर न्हाई व्हय, वैनी?"

"हाय. त्याच्यावर कावळा बसत न्हाई. डोळं दिपत्यात त्याचं."

बारदान बाजूला झालं. दिरांनी अंघोळ केलेली होती. कपाळाला बुक्का, धुतलेलं धोतर, कडक टोपी. पायाशी वहाणा जोडून ठेवल्या होत्या. सकाळपासून ते तसेच तयार होऊन बसले होते, हे बघूनच कळत होतं. चूल पेटलेली दिसत नव्हती. ते मुलाकडं बघत म्हणाले, "कावळ्याचं दिपत्यात ते कळलं व्हय तुला. माझं दिपलं तवा हसलास."

मुलानं तांब्या या हातातून त्या हातात घेतला. त्याच्या जागी मी बोलले नाही. त्याचं होतं, त्यानं निस्तरायचं होतं.

दीर मग माझ्याकडं वळले. "सख्ख्या भावाला निरोपानं बोलावत्यात व्हय पितराला?"

"न्हाई बोलवत," मी म्हणाले. "म्हणून आले."

 मागं भावकी येऊन अंगणाच्या कडेला उभी राहिली होती. मुलगा पुढं झाला, तांब्या ओट्यावर ठेवला आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. लवकर उठला नाही. दिरांनी त्याच्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. ते म्हणाले, "शिडी घराच्या मागं हाय. पायरी मोडलीय खालची, बघून चढ."

कौलं काळी पडलेली, त्यांच्यावर शेवाळ. मुलानं पान वर ठेवलं आणि खाली येऊन उभा राहिला. कोणी हाक मारली नाही. चिंचेची फांदी त्या छपरावरच आलेली आहे. एक कावळा उडी मारल्यासारखा खाली आला, त्यानं आधी वडा उचलला. मग बाकीचे आले आणि पानाच्या चिंध्या झाल्या. गवार कौलांवर पसरली, ती मात्र त्यांनी खाल्ली नाही. ते बघून मला हसू येणार होतं, पण बाया रडत होत्या म्हणून मी तोंड दुसरीकडं केलं.

दीर म्हणाले, "हितंच जल्मला त्यो. हितंच येणार."

थोरले आजोबा अजूनही गावात तेच सांगतात, की भावानं भावाच्या घरी जेवायचा हट्ट धरला होता. मुलगा काय धरून आहे ते तो बोलत नाही. मला विचाराल तर कावळे भुकेले होते, आणि कौलं चमकत नव्हती. पण मी हे कोणाला सांगत बसले नाही. माझा नवरा उपाशी राहिला नाही असं लोकांना वाटलं, त्यात माझं काय जातं.

भांडी मग दिराकडं आणली. सून आणि मी घमेल्यात, बादलीत घालून खीर-भात वाहून आणला. पंगत दिराच्या ओट्यावर आणि अंगणात बसली. पहिल्या पाटावर दीर. बसायला जागा पुरेना म्हणून कोणीतरी बारदान खुंटीवर गुंडाळून टाकलं.

वाढण्यात मुलाचं जेवण मागं राहिलं. सगळे उठल्यावर तो ओट्यावर, दीर रोज बसतात त्या जागी, ताट घेऊन बसला. तोवर दिवस कलला होता. आधी अंगणात उजेडाचे पट्टे पडले. पत्र्याला जिथं जिथं बाक आहे, तिथून एकेक पट्टा. मग ते ओट्याची पायरी चढले, त्याच्या ताटावर आले, आणि ताट पेटल्यासारखं दिसायला लागलं. मग डोळ्यावर. त्यानं डावा हात कपाळाशी धरला आणि उजव्या हातानं जेवायला लागला. मान फिरवून बघितलं, जागेवर थोडा सरकला. सरकलं तरी ते येतच होतं. तो आमच्या घराकडं बघायचा प्रयत्न करत होता आणि त्याला बघता येत नव्हतं. आपलं घर इथून कसं दिसतं हे त्यानं तोवर बघितलंच नव्हतं.

दीर सुपारी कातरत होते. म्हणाले, "रोज येतं. आज पाव्हणे हायत म्हणून जरा कमीच हाय."

कोणी हसलं नाही. मुलगा ताटावरून उठला नाही, कारण पितराचं अन्न टाकायचं नसतं. पण तो शेवटपर्यंत हात कपाळाशी धरूनच जेवला. हात धुताना म्हणाला, "आप्पा, ती बाजू मी रंगवतो. कंचा रंग लावू?"

"कंचाबी लाव," दीर म्हणाले. "मला बघता आलं पायजे."

चकचकीत पत्र्यावर रंग धरत नाही. आधी पॉलिश पेपरनं तो घासून खरखरीत करावा लागतो. मुलगा पुढच्या सुट्टीला कागद घेऊन आला. गुडघ्यांमुळं मला उभं राहता येत नव्हतं, म्हणून मी खाली बसून हाताला येईल तेवढा भाग घासला, वरचा त्यानं. लिंपताना हात जसा फिरवायचा तसाच फिरत होता. दीर आले आणि चटईवर बसून तंबाखू मळत बघत राहिले. मध्येच म्हणाले की इथं राहिलंय, तिथं राहिलंय. मुलानं कागदाचा एक तुकडा त्यांच्या हातात दिला. मग तेही घासायला लागले.

रंगाचं मीच सांगितलं. मुलगा राखाडी म्हणत होता, कारखान्याच्या शेडांना असतो तसा. मी म्हणाले, जो होता तोच लाव. पांढऱ्या मातीचं एक ढेकूळ घेऊन तो शिरूरला दुकानात गेला आणि त्याच्यासारखा रंग कालवून आणला. अगदी तसा नाही, जरा पिवळा आहे. जवळून बघितलं की कळतं.

भिंत आत आहे. पावसाळ्यात मी हात लावून बघते, कोरडी असते. दिराचं बारदान आता निघालं आहे, थंडीत ते गाईच्या अंगावर घालतात. ते संध्याकाळी ओट्यावर बसतात आणि रस्ता बघतात. मुलगा सणसवाडीहून आला की आधी तिकडं थांबतो, मग घरी येतो. मी त्याला विचारत नाही काय बोलता. पितराचं पान आम्ही पुढंही कौलांवरच ठेवतो. आमचं छप्पर अजून तसंच चमकतं, तिथं ठेवून उपयोग नाही.

कुरडया मी उगवतीच्या अंगाला वाळत घालते. तिकडचा पत्रा आरशासारखा आहे. कावळा तिकडं येत नाही, आणि मला तो तिकडं नकोच आहे.